बिशपची बैठक

आमच्या पापांच्या, म्हणजे वडिलांच्या, अंत्यदर्शनाला लेदेस्मा आला होता, तेव्हाच कॉफीचा कप हातात धरून त्याने आईला विचारलं होतं, सिल्विना, म्हणजे मी, सायकल चालवते का म्हणून. आईला वाटलं, माणूस दुःखाच्या घरात काहीतरी बोलायचं म्हणून बोलतोय. ती म्हणाली, लहानपणी चालवायची. लेदेस्माने मान डोलावली आणि आणखी एक बिस्किट घेतलं.

तो वाईट माणूस नाही. औषधाचं दुकान आहे त्याचं, उधारीवर गोळ्या देतो. पण घडीच्या सायकलींच्या शर्यतीत नंबर मिळावा म्हणून तो कित्येक वर्षं रांगेत होता, आणि आमच्या पुएर्तो मोरेलमध्ये ती रांग कुणीतरी मेल्याशिवाय पुढे सरकत नाही. नंबर माणसाचा नसतो, सायकलचा असतो. मालक गेला तर घरातल्या कोणीतरी तीच सायकल लगेच पुढच्या शर्यतीत चौकापर्यंत पोचवायची. नाही पोचवली, तर नंबर रांगेतल्या पहिल्याला. पापांच्या सायकलचा नंबर चार होता. रांगेत पहिला लेदेस्मा होता.

शर्यत तशी लहान. पूर्वी नदीपलीकडच्या बेटावर कागदाची गिरणी होती आणि कामगार होडीने जायचे. होडीवाला सायकल घ्यायचा, पण ती बाकाखालच्या पेटीत मावली तरच. गिरणी बंद पडली, होडी कुजली, पेट्या तेवढ्या राहिल्या. आता मार्चमधल्या एका रविवारी जुन्या गोदामापासून धक्क्यापर्यंत सायकल पळवायची, धक्क्यावर तिची घडी करून पेटीत घालायची, झाकण लावायचं. पेट्यांवर देखरेख करणाऱ्या निल्दाने झाकणावर टकटक केली की बाहेर काढायची, उलगडायची आणि कड्याचा चढ चढून चौक गाठायचा. झाकण तळहाताने लागलं पाहिजे. वर बसायचं नाही, गुडघा टेकायचा नाही. आणि चढावर सायकल हातात धरून चालायचं नाही. जो चालला तो बाद.

मला तो नंबर का हवा होता, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. पापांचे शर्ट वाटून झाले होते. टेलिफोनच्या बिलावर आता आईचं नाव येत होतं. बोटक्लबच्या भिंतीवर पत्र्याची एक पाटी आहे, तिच्यावर चार या आकड्यासमोर अजून पापांचं नाव, बेर्तोलोत्ती, लिहिलेलं होतं. गावात दुसरीकडे कुठे ते राहिलं नव्हतं.

शर्यतीच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, मी सायकल गल्लीत काढली. रोज थोडी थोडी चालवून मला ती सवयीची झाली होती, सपाटीवर तरी. चढ मात्र मी टाळत आले होते. त्या दिवशी गल्लीच्या टोकाच्या लहानशा उंचवट्यावर मी पायडलांवर उभी राहिले आणि खालून आवाज आला. खर्र. पुन्हा जोर दिला, पुन्हा खर्र. बसले की आवाज बंद. चेनव्हीलचे, पायडलांमधल्या दातेरी चाकाचे, दाते मागच्या पाइपला घासत होते.

मी बास्कोला फोन केला. बास्को म्हणजे इलारियो. तो पापांचा मित्र, आणि शर्यतीत त्यांचा जन्माचा वैरी. आयुष्यभर होड्यांची इंजिनं सांभाळल्यामुळे त्याच्याकडे पाने हवे तेवढे होते, पण सायकलचं पोट त्याने कधी उघडलं नव्हतं. मीही नाही. तो स्वतःच्याच सायकलवरून आला, पाठीला हत्यारांची पिशवी आणि काखेत गरम पाण्याचा थर्मास. आधी त्याने तुंब्यात येर्बाच्या पानांचा कडू चहा भरला, दोन घोट घेतले, मग मला म्हणाला, उभी राहा बघू पायडलवर. मी उभी राहिले. खर्र.

"बसून चालव ना मग," तो म्हणाला. "तुझा बाप नाही बसूनच चालवायचा? देवळात निघाल्यासारखा."

ते खरं होतं. पापा शर्यतीत कधीच उभे राहिले नाहीत. लोक चढावर सायकली डावीउजवीकडे झोकत, जिभा बाहेर काढत वर यायचे, आणि पापा पाठ ताठ ठेवून, सीटवर बसूनच, एका लयीत वर यायचे. म्हणून गाव त्यांना बिशप म्हणायचं. बिशपला घाई नसते, देव थांबतो, असं बास्को चौकात मोठ्याने म्हणायचा, आणि पापा टोपी काढून त्याला आशीर्वाद द्यायचे.

पण पापांच्या मांड्या ओंडक्यासारख्या होत्या. माझ्या नाहीत. मी शाळेत भूगोल शिकवते. बसून तो चढ चढायला गेले तर अर्ध्यावर उतरावं लागेल, आणि उतरले की संपलं.

आम्ही सायकल उलटी करून अंगणात ठेवली. क्रँक, म्हणजे पायडलांचे दांडे, धरून ठेवणाऱ्या कॉटरपिनी ठोकून काढल्या, दोन्ही क्रँक ओढून काढल्या, डावीकडची रिंग आणि छर्रे धरणारा कप सोडवला. जुनं काळं ग्रीस आणि छर्रे आईच्या एका बशीत पडले. आईने खिडकीतून ती बशी पाहिली. मग एक्सल हातात आला, वीतभर लांबीचा पोलादी दांडा. बास्कोने तो उजेडात धरला, फिरवला, नाकाजवळ नेला, आणि मग त्याचा चेहरा हळूहळू असा फुलत गेला की मला वाटलं आता हा शिंकणार.

"पोरी," तो म्हणाला, "बिशपने एक्सल उलटा घातलाय."

एक्सलचं एक टोक दुसऱ्यापेक्षा लांब होतं. बास्कोने आपली सायकल आडवी करून दाखवली. त्याच्या सायकलला लांब टोक चेनच्या बाजूला होतं, म्हणजे चेनव्हील पाइपपासून चांगलं दूर. पापांच्या सायकलला ते डावीकडे होतं. चेनच्या बाजूच्या पाइपला एक चपटा खळगाही होता. आम्ही तो कायम पडल्याची खूण समजत आलो होतो. चेनव्हीलला जागा व्हावी म्हणून कोणीतरी तो हातोड्याने नीट ठोकून केलेला होता, हे आत्ता दिसलं.

बास्कोला आनंद आवरेना. एवढी वर्षं, तो म्हणत राहिला, एवढी वर्षं तो मला हरवत होता आणि त्याचा एक्सल उलटा होता. ही गोष्ट क्लबमध्ये सांगितल्याशिवाय त्याला जेवण जाणार नव्हतं. मलाही हसू येत होतं. पापांची चूक सापडणं ही आमच्या घरात कधी न घडलेली गोष्ट होती, आणि ती हातात घेऊन बघायला मजा वाटत होती. त्यांना लगेच जाऊन चिडवावं, असंही क्षणभर वाटून गेलं.

आम्ही एक्सल सुलटा घातला. नवं ग्रीस, धुतलेले छर्रे. कप आवळताना बास्कोने एवढं शिकवलं की केसभर ढिलं ठेवायचं, कारण रिंग आवळली की तो केस जातो. दोन्ही क्रँक ठोकून बसवल्या आणि बघतो तर एक पायडल बारावर, दुसरं पाचावर. सायकल लंगडी झाली होती. दोन्ही कॉटरपिनी आम्ही एकाच दिशेने घातल्या होत्या. होडीला कॉटरपिनी नसतात, असं बास्को म्हणाला, आणि एक पिन काढून उलट बाजूने ठोकली. आता पायडलं सरळ झाली.

मी गल्लीत गेले. उभी राहिले. आवाज नाही. आणखी जोर दिला, सायकल पायाखाली झेपावली, वारा शर्टात शिरला. मी उंचवटा ओलांडून, कोपऱ्यावरच्या बेकरीला वळसा घालून परत आले, तेव्हा मला धाप लागली होती आणि मी हसत होते. किती महिन्यांत मी अशी हसले नव्हते, ते मला तेव्हा जाणवलंही नाही.

"आता पेटी," बास्को म्हणाला.

पेट्या बोटक्लबच्या पडवीत मांडून ठेवल्या होत्या आणि निल्दा ओल्या फडक्याने त्या पुसत होती. निल्दाच्या नवऱ्याने त्या पेट्यांची डागडुजी केली होती, आता त्यांच्यावर तिचा हक्क आहे. क्लबचा अध्यक्षसुद्धा तिला विचारल्याशिवाय झाकण उघडत नाही. मी सायकलची घडी केली. मधली बिजागरी सोडली की पुढचं अंग चेनच्या बाजूने मागे वळतं आणि पुढचं चाक चेनव्हीलला येऊन चिकटतं. हँडल खाली, सीट खाली. पेटीत आडवी उतरवली. झाकण लावलं. ते लागलं नाही. अर्धं बोट वर राहिलं.

मी पुन्हा काढून पुन्हा घातली. अर्धं बोट. बास्कोने वाकून फटीतून आत पाहिलं आणि त्याचा हसरा चेहरा उतरला. सुलट्या एक्सलने चेनव्हील जेवढं बाहेर आलं होतं, तेवढंच पुढचं चाक बाहेर आलं होतं. सायकल जाड झाली होती.

तिघंही फटीवर वाकलो. आणि मग मला ते एकदम कळलं.

"त्यांनी मुद्दाम केलं होतं," मी म्हणाले. "पेटीसाठी. आणि उभं राहिलं की घासतं, म्हणून ते बसायचे."

निल्दाचं फडकं थांबलं. ती माझ्याकडे बघत राहिली, मग बास्कोकडे, आणि मग ती पेटीवरच बसली आणि हसायला लागली. डोळे पुसत पुसत म्हणाली, "आम्ही त्याला बिशप म्हणतोय, आणि हा लुच्चा चेनव्हील सांभाळत बसलाय."

बास्को हसला नाही. तो पडवीच्या कठड्याशी गेला आणि नदीकडे तोंड करून उभा राहिला. तिथूनच म्हणाला, मला एकदाही सांगितलं नाही त्याने. शंभर वेळा विचारलं होतं, माझी सायकल सडपातळ, तरी तुझी पेटी माझ्याआधी कशी लागते म्हणून. मला म्हणायचा, प्रार्थना कर.

मीही हलले होते, पण माझ्या आत जे चाललं होतं ते दुःख नव्हतं. मी पापांचा डाव पकडला होता. ते जिवंत असताना कोणालाही न सापडलेला, माझ्या डोळ्यांसमोर वर्षानुवर्षं चाललेला. त्या क्षणी ते मला इतके ओळखीचे वाटले, जितके गेल्या कित्येक वर्षांत जेवणाच्या टेबलावर समोर बसूनही वाटले नव्हते.

बास्को वळून म्हणाला की एक्सल परत उलटा घालू, आणि तू बसून चढ. मी म्हणाले, बसून मला जमणार नाही. तो म्हणाला, मग सुलटा ठेव, पण झाकण कसं लावशील? आणि निल्दा म्हणाली की माझ्याकडे बघू नका, मी माझ्या सख्ख्या बहिणीला बाद केलंय.

मला दोन्ही हवं होतं. उलट्याने घासतंय, पण किती? जोर दिला तरच घासतंय, म्हणजे अगदी थोडं. सुलट्याने अर्धं बोट बाहेर येतंय, म्हणजे भरपूर. मधलं काहीतरी असलंच पाहिजे. मी बास्कोला विचारलं की एक्सल पुन्हा उलटा घालून उजव्या कपाखाली पातळ वॉशर घातला तर? सगळा एक्सलच तेवढा बाहेर सरकेल. बास्कोने हनुवटी खाजवली. एवढा मोठा आणि एवढा पातळ वॉशर गावात मिळणार नाही, असं तो म्हणाला. मग त्याची नजर निल्दाच्या फळीवर गेली. तिथे नाशपातीसारख्या फळाच्या वडीचा पत्र्याचा रिकामा डबा होता, त्यात ती खिळे ठेवायची.

"त्याला हात लावाल तर," निल्दा म्हणाली, आणि तोवर खिळे टेबलावर ओतलेही होते. ओतणारी मी होते.

दुपारभर आम्ही त्या डब्याचा पत्रा कापला. पहिली चकती वाकडी झाली, दुसरी फाटली. तिसरी मी कापली, कपाभोवती फिरवून, कडा दगडावर घासून, आणि चौथीही तशीच. उजव्या कपाला उलटे आटे असतात. बास्कोने सवयीने दोनदा चुकीच्या दिशेला जोर लावला आणि त्या कपाच्या आईचा उद्धार केला. एक चकती घातली, सायकल जोडली, मी पडवीसमोरच्या रस्त्यावर उभी राहून चालवली. खर्र, पण हलकं. दोन चकत्या घातल्या. आवाज गेला. पेटीत ठेवली. झाकण नाण्याच्या जाडीइतकं वर.

एक काढली तर घासतंय, दोन ठेवल्या तर झाकण उचलतंय. बास्को म्हणाला, उद्या गरम असेल, लाकूड फुगेल. निल्दा म्हणाली, फुगलं तर पेटी लहान होईल, गाढवा.

मी पेटीशेजारी फरशीवर पालथी झाले आणि फटीतून आत पाहिलं. पुढच्या चाकाच्या आसाचा नट उजव्या क्रँकवर टेकत होता. चेनव्हीलवर नाही, क्रँकच्या दांड्यावर. सायकल बाहेर काढली, पायडल मागे फिरवून क्रँक मागच्या पाइपाच्या ओळीत आणली आणि मग घडी केली. आता नटाला मोकळी जागा मिळाली, तो आत शिरला. झाकण मी सोडलं आणि ते आपल्याच वजनाने बसलं, टप.

निल्दाने वाकून बोटाने टकटक केली, जशी उद्या करायची होती तशी. पेटी भरीव वाजली.

"हे त्याने नव्हतं केलेलं," बास्को म्हणाला. माझ्या खांद्यावर त्याने ग्रीसचा हात ठेवला आणि मग लक्षात येऊन काढला. "त्याला गरजच नव्हती. हे तुझं आहे."

रविवारी गोदामापाशी सगळा गाव होता. आई आली नाही. ती चौकात खुर्ची टाकून बसणार होती, तिथे सावली असते. लेदेस्मा आपली नवीकोरी चकचकीत सायकल घेऊन धक्क्यावर उभा होता, सहज आल्यासारखा. शर्यतीआधी आम्ही तिथे पेटी बघायला गेलो, तेव्हा मला त्याने शुभेच्छा दिल्या आणि बामची डबीही दिली. बास्को त्याला म्हणाला, एक सुतळीही दे, म्हणजे तिची सायकल चढावर बांधून ठेवता येईल. लेदेस्मा मनापासून हसला.

धक्क्यापर्यंत मी मधल्या घोळक्यात होते. घोळका म्हणजे शिव्या, घंटा आणि कोपरं. धक्क्यावर उडी मारून उतरले, बिजागरी सोडली, पुढचं अंग वळवलं, हँडल पाडलं, सीट पाडली, सायकल उचलून पेटीत. झाकण. ते वर उचललेलंच राहिलं.

शेजारच्या पेटीवर निल्दाची टकटक झाली आणि तो माणूस गेला. त्याच्या पलीकडचा गेला. बास्कोने माझ्या मागे आपली पेटी आपटून बंद केली. निल्दा माझ्यासमोर आली, हात मागे बांधून उभी राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. सख्ख्या बहिणीला बाद करणारीचा चेहरा. लेदेस्मा एक पाऊल पुढे आला होता. मला वाटतं, त्यालाही ते कळलं नसावं.

घाईत मी क्रँक फिरवलीच नव्हती. सगळी घडी उलगडायला वेळ नव्हता. मी हात पेटीत खुपसला, पुढचं चाक जेमतेम उचललं, दुसऱ्या हाताने पायडल मागे ढकललं. चेन कडकडली, बोट कुठेतरी चिमटलं, नट सरकला. मी हात काढले आणि झाकणावर तळवा ठेवला. ते खाली गेलं.

टकटक.

मग कडा. पहिल्या वळणापर्यंत मी बसून गेले, पाठ सरळ ठेवून, कारण लोक तसंच बघायला उभे होते आणि मलाही एकदा ते करून बघायचं होतं. छान वाटतं तसं. जग जरा खाली राहतं. दुसऱ्या वळणावर मांड्या पेटल्या, चाक डगमगलं, आणि कठड्यावरून कोणीतरी ओरडलं की बिशपची पोरगी आता उतरते बघा.

मी उभी राहिले.

जोर दिला आणि कान खाली लावले. काही नाही. चेनचा बारीक सुरकन आवाज, टायरखालची वाळू, माझा श्वास. पुन्हा जोर, पुन्हा काही नाही. दाते आणि पाइप यांच्यामध्ये दोन पत्र्यांइतकी जागा होती आणि ती पुरत होती. कठड्यावर गोंधळ उठला. बिशप उभा राहिला, बिशप उभा राहिला, असं कोणीतरी म्हणायला लागलं आणि ते पुढच्या माणसांनी उचललं, वर चौकापर्यंत ते माझ्याआधी पोचलं. मी एकाला मागे टाकलं, मग पोस्टातल्या जाड्याला, मग आणखी एकाला, तो सायकल हातात धरून चालत होता आणि त्याचं संपलेलं होतं. मागून बास्कोचा आवाज आला, धापा टाकत, की जरा बस की गं, मला कमीपणा येतोय.

चौकातली पांढरी रेघ कधी गेली ते मला कळलं नाही. कोणीतरी टाळ्या वाजवत होतं. नंतर लोकांनी सांगितलं की पहिली टाळी पायऱ्यांच्या वाटेने आधीच वर आलेल्या लेदेस्माची होती, दोन्ही हातांनी, सायकल गुडघ्यांत धरून. आई खुर्चीतून उठली होती. मी तिच्यासमोरून गेले आणि थांबले नाही. चौकाच्या कारंज्याला वळसा घालून, पुन्हा रेघेवरून, अजूनही उभीच. पायांना थांबायचं नव्हतं.

दुसऱ्या फेरीला बास्को रेघेवर सायकल आडवी टाकून तिच्याशेजारीच फतकल मारून बसला होता.

"संपली शर्यत," तो ओरडला. "थांब, बाई. उतर आता."

"माहितीये," मी म्हणाले, आणि त्याला वळसा घालून तिसऱ्या फेरीला लागले.